न्यायमूर्ती माधवराव रानडे : रूढी आणि विवेक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविले. मी केवळ मॅट्रिक झालेला, आयुष्यभर प्राथमिक वर्गांस शिकविलेला एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार माझ्यापाशी नाही. तथापि विषयाची निवड करताना मला फार शोधाशोध करावी लागली नाही. गेल्या वार्षिक सभेत एका भगिनीने विचारलेला प्रश्न आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास विधवा भगिनींना सन्मानाने बोलवावे की नाही, असा तो प्रश्न होता. सभेत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, वाडवडिलांनी घालून दिलेल्या चालीरीती मोडण्याचा आपणांस अधिकार नाही. दुसरा पक्ष म्हणाला, हे सारे जुने एकदाचे टाकून द्यावे. निर्णय पुढील सभेवर ढकलला गेला आणि आपण सर्वजण चहा घेऊन घरी गेलो.

त्या रात्री मला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची आठवण झाली. रूढी पाळाव्यात की मोडाव्यात, या प्रश्नाशी त्यांच्याइतका दीर्घकाळ आणि इतक्या वेदना सोसून झुंजलेला दुसरा पुरुष महाराष्ट्रात क्वचितच दाखविता येईल. त्यांचे यश आणि त्यांची चूक ही दोन्ही आपणांस उपयोगी पडतील, या भावनेने हे अल्पचरित्र सादर करीत आहे. थोर पुरुष एका ज्ञातीचे नसतात, हेही त्या निमित्ताने ध्यानी यावे.

बालपण व शिक्षण

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांचे वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेल्यामुळे त्यांचे बालपण कोल्हापुरास गेले. घर जुन्या वळणाचे होते. सोवळेओवळे, व्रतवैकल्ये, सणवार हे सर्व त्या घरात यथासांग चालत असे. मुलगा अबोल, संथ आणि दिसण्यात काहीसा मंद वाटे. हा पुढे काय करणार, अशी घरच्यांस चिंता असे.

त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट मी वर्गात कितीतरी वर्षे मुलांना सांगत आलो. एकदा खेळावयास सोबती कोणी नव्हते, तेव्हा माधवराव घरातील खांबालाच भिडू करून सोंगट्या खेळू लागले. उजव्या हाताने खांबाचे दान टाकावयाचे आणि डाव्या हाताने स्वतःचे. डाव खांबाने जिंकला. खांब काही बोलत नाही, म्हणून त्याचे दान चोरावे असे त्या बालकास वाटले नाही. हरल्याचे त्याने हसतमुखाने मान्य केले. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याचेही दान उजव्या हाताने टाकावे, हा धडा त्या गोष्टीत आहे. पुढील हकीकत वाचताना वाचकांनी हा खांब ध्यानात ठेवावा.

लहान वयातच त्यांना मातृवियोग झाला आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच वाईच्या दांडेकरांच्या सखूबाई या कन्येशी त्यांचा विवाहही झाला. पुढील शिक्षणासाठी १८५६ च्या सुमारास ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या थोड्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ साली ते बी. ए. झाले. त्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. नंतर त्यांनी एम. ए. व एल्‌एल्. बी. या पदव्याही मिळविल्या. वाचनाचा त्यांस एवढा ध्यास होता की त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची वाखाणणी करून इंग्रजी राज्यास उणे लेखले, म्हणून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवल्याचे प्रसिद्ध आहे. सांगावयाचे तात्पर्य हे की पूर्वजांचा अभिमान या पुरुषास कोणाकडून शिकावा लागला नाही. जुन्याची निंदा करणारा तो कोणी परका नव्हता.

सुधारणेच्या कार्यात प्रवेश

हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. परंतु कायदा पुस्तकात राहिला आणि रूढी घरात राहिली. आठव्यानवव्या वर्षी लग्न झालेली आणि लग्न म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच विधवा झालेली मुलगी जन्मभर माजघराच्या कोपऱ्यात काढी. केशवपन, एकवेळचे जेवण, मंगल कार्यात मज्जाव, हे तिचे जीवन होते. या स्थितीविरुद्ध विष्णुशास्त्री पंडित यांनी मुंबईत विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. तरुण माधवराव त्या मंडळीत सामील झाले. १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला. त्याच्याही आधारस्तंभांत माधवराव व डॉ. रामकृष्णपंत भांडारकर हे होते.

१८६९ साली मुंबईस एका बालविधवेचा पुनर्विवाह या मंडळींनी उघडपणे घडवून आणला. सर्वत्र मोठी खळबळ उडाली. विवाहास साहाय्य करणाऱ्यांवर बहिष्कार पडला. पुढील वर्षी पुण्यास शंकराचार्यांपुढे दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा कित्येक दिवस वादविवाद झाला. पुनर्विवाह शास्त्रसंमत आहे की नाही, याचा निर्णय पंचांनी द्यावयाचा होता. तो सुधारकांच्या विरुद्ध गेला. बहिष्कार म्हणजे काय, हे आजच्या मुलांस समजणे कठीण आहे. भटजी घरी येत नसे, मुलीस स्थळ मिळत नसे, पंक्तीत पान वाढले जात नसे, प्रेतास खांदा द्यावयास माणूस मिळत नसे. एवढ्या शस्त्राच्या धाकावर समाज आपल्या चालीरीती चालवीत होता.

१८७१ च्या अखेरीस माधवराव सबजज्ज म्हणून पुण्यास आले, आणि त्या शहराच्या सार्वजनिक जीवनात नवे चैतन्य आले. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक झाले. देशी व्यापार, शेतकऱ्यांची स्थिती, दुष्काळ अशा विषयांवर त्या सभेने सरकारकडे अभ्यासपूर्ण अर्ज केले, त्यामागे माधवरावांची लेखणी होती. वसंत व्याख्यानमालेचा आरंभही त्यांच्याच प्रेरणेने झाला.

कसोटीचा प्रसंग

१८७३ साली सखूबाई क्षयाने वारल्या. माधवरावांचे वय त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. ज्याने विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार केला, तो आता काय करतो, इकडे सर्वांचे डोळे लागले. गोविंदरावांसही तीच भीती होती. मुलगा विधवेशी लग्न करील आणि घराण्यावर बहिष्कार येईल, या धास्तीने त्यांनी तातडीने स्थळ पाहिले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकर यांची अकरा वर्षांची कन्या त्यांनी पसंत केली. माधवरावांनी परोपरीने नकार देऊन पाहिला. विधवेशी विवाह करणार नाही, पण मला पुन्हा लग्नच करावयाचे नाही, येथपर्यंत ते आले. वडिलांचा आग्रह सुटला नाही. शेवटी पित्याच्या शब्दापुढे पुत्राने मान तुकविली. त्याच वर्षी हा विवाह झाला.

सुधारक मंडळी हळहळली, सनातनी मंडळी हसली. दोन्हीकडून माधवरावांस बोल ऐकावे लागले. त्यांचे चरित्रकार त्यांच्या पितृभक्तीचा गौरव करतात, आणि ती भक्ती खरीच होती. परंतु मी शिक्षक या नात्याने असे म्हणेन की येथे उत्तर चुकले. पित्याची आज्ञा पाळणे ही थोर परंपरा खरी. पण त्या आज्ञेची किंमत ज्या अकरा वर्षांच्या मुलीने द्यावयाची होती तिला कोणी काही विचारले नव्हते. आणि ज्या विधवांनी या पुरुषाकडे आशेने पाहिले होते त्यांनाही कोणी विचारले नव्हते. खांब बोलत नव्हता, आणि या एका डावात त्याचे दान कोणीच टाकले नाही. माधवरावांसही ही बोच जन्मभर होती, असे त्यांच्या पुढील आचरणावरून दिसते.

मात्र चूक झाल्यावर माणूस काय करतो यावर त्याची थोरवी ठरते. लग्नाच्या पहिल्या दिवसांपासूनच माधवरावांनी आपल्या पत्नीस, रमाबाईंना, शिकविण्यास आरंभ केला. मुळाक्षरांपासून मराठी आणि मग इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, कामाचा भार, सर्व प्रकारे रमाबाईंचा छळ झाला. छळ करणाऱ्यांत माधवरावांची वैधव्य आलेली सख्खी बहीणही होती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या रूढीने तिचे आयुष्य जाळले तिचीच ती राखणदार झाली होती. रूढी बाहेरून लादली जाते तोवर तिच्याशी लढणे सोपे असते; ती आत शिरली म्हणजे पीडित माणूसच तिचा पहारेकरी होतो. माधवरावांनी घरातील कोणाशी भांडण केले नाही, आणि रमाबाईंचा अभ्यासही एक दिवस थांबविला नाही.

त्या अभ्यासाचे फळ महाराष्ट्राने पाहिले. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला, तेव्हा रमाबाई रानडे त्यांच्या साहाय्यास उभ्या राहिल्या. १८८४ साली पुण्यास मुलींची हायस्कूल शाळा निघाली, जी पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झाली, तिच्या संस्थापकांत माधवराव होते. पतीच्या निधनानंतर रमाबाईंनी मुंबईस व पुण्यास सेवासदनाचे कार्य उभारून शेकडो निराधार स्त्रियांस विद्येचा व परिचर्येच्या शिक्षणाचा मार्ग दाखविला. त्यांनी लिहिलेल्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. मराठीतील स्त्रीलिखित आत्मचरित्रांत त्या ग्रंथाचे स्थान अग्रभागी आहे.

चिखल आणि चहा

१८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. त्यांच्या व्याख्यानांनंतर मिरवणूक काढण्याचे ठरले, तेव्हा विरोधकांनी एका गाढवाची मिरवणूक काढून दंगा केला. स्वामींच्या मिरवणुकीवर चिखल व दगड फेकण्यात आले. त्या मिरवणुकीत माधवराव चालत होते. महात्मा जोतीराव फुले यांचेही साहाय्य तीस लाभले होते. सरकारी न्यायाधीश अंगावर चिखल घेऊन घरी आला, परंतु त्याने कोणाविरुद्ध तक्रार केली नाही.

त्यांचा सरकारी मार्गही सुखाचा नव्हता. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात सरकारास त्यांचाही संशय आला. त्यांची नाशिकहून धुळ्यास बदली झाली आणि त्यांची पत्रे फोडून वाचली जात असत. संशय फिटल्यावर बढत्या आल्या. परंतु समाजाचा संशय फिटणे अधिक कठीण होते.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तेथे चहा व बिस्किटे देण्यात आली. काहींनी घेतली, काहींनी केवळ हातात धरली. पुढे गोपाळराव जोशी यांनी त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि एकच गहजब झाला. त्या यादीत रानडे होते, गोखले होते, आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. एक कपभर चहा, परंतु त्यापायी कित्येक घरांतील श्राद्धकर्मे अडली आणि मुलींची लग्ने खोळंबली.

माधवरावांनी आरंभी प्रायश्चित्त घेण्याचे नाकारले. परंतु काही मित्र घरच्या वृद्धांच्या दुःखामुळे हतबल झाले होते. रानड्यांसारखा मनुष्य बरोबर असेल तर त्यांची मान थोडी तरी वर राहील, एवढ्यासाठी त्यांनी १८९२ साली त्यांच्यासह प्रायश्चित्त घेतले. त्यांना स्वतःस त्याची गरज नव्हती, बहिष्काराची भीती तर नव्हतीच. सुधारकांनी त्यांच्यावर कडक टीका केली. गोपाळराव आगरकरांसारख्या करारी पुरुषाच्या मार्गाशी ताडून पाहिले तर हे वर्तन दुबळे दिसते. काहींना त्यात मैत्री दिसते, काहींना माघार. मला त्यात दोन्ही दिसतात. त्यांच्या प्रायश्चित्ताने मित्रांचे घर सावरले हे खरे. परंतु बहिष्काराचे शस्त्र म्यान झाले नाही, उलट त्याची धार वाढली, हेही खरेच.

रूढींविषयी त्यांचा विचार

राष्ट्रीय सभेची स्थापना १८८५ साली झाली. तिच्याच जोडीने सामाजिक प्रश्नांचाही दरवर्षी विचार व्हावा, म्हणून १८८७ साली मद्रास येथे सामाजिक परिषद सुरू करण्यात आली. माधवराव तिचे प्राण होते. दरवर्षी ते देशाच्या निरनिराळ्या भागांत जात आणि कोणत्या प्रांतात कोणत्या ज्ञातीने काय सुधारणा केली याचा आढावा घेत. येथे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. लग्नखर्चावर मर्यादा घालणे, मुलामुलींच्या विवाहाचे वय वाढविणे, पोटजातींत विवाह होऊ देणे, अशी कामे ज्या ज्ञातिसभा करीत, त्यांची ते आस्थेने नोंद घेत. ज्ञातिसंस्था ही केवळ रूढींची तिजोरी नव्हे, सुधारणेचे साधनही होऊ शकते, अशी त्यांची श्रद्धा होती.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या बाबतीत ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आली. माधवरावांनी त्याला पाठिंबा दिला, तर लोकमान्यांनी परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये म्हणून विरोध केला. १८९५ साली पुण्यास राष्ट्रीय सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यास इतका विरोध झाला की माधवरावांनी तंटा न वाढविता परिषद दुसऱ्या जागी भरविली. जागा सोडली, परिषद सोडली नाही. हा त्यांच्या स्वभावाचा नेमका मासला होय.

१८९७ साली अमरावतीच्या परिषदेत त्यांनी केलेले भाषण या विषयावर आजही वाचनीय आहे. त्या वेळी जुन्याचे पुनरुज्जीवन करावे असा एक पक्ष जोरात होता. माधवरावांनी त्यास विचारले की जुने म्हणजे नेमके कोणत्या काळचे? वेदकाळचे, स्मृतिकाळचे, पुराणकाळचे की कालपरवाचे? नियोगाची चाल जुनी, यज्ञातील पशुहत्या जुनी, राक्षसविवाहही जुना. यांतील काही आपल्याच पूर्वजांनी टाकून दिले. ज्यांनी टाकले तेही आपले पूर्वजच होते. म्हणजे बदल करणे ही सुद्धा एक परंपराच आहे, असा त्यांच्या विचाराचा ओघ होता. समाजाच्या दुःस्थितीचे मूळ त्यांनी एकेका चालीत न पाहता मनाच्या सवयींत पाहिले. परस्परांपासून फटकून राहणे, स्वतःच्या विवेकापेक्षा बाहेरच्या धाकाला मान देणे, जन्मावरून माणसामाणसांत भेद मानणे आणि डोळ्यांपुढील अन्याय निमूट सोसणे, या त्या सवयी होत.

परंतु जुने सर्व पुसून टाका, असे त्यांनी कधीही म्हटले नाही. समाज ही कोरी पाटी नव्हे. पूर्वीच्यांनी त्यावर काही लिहून ठेवलेले असते आणि आपणांस ते पुरे करावयाचे असते, अशी त्यांची धारणा होती. सुधारणेचे मार्ग त्यांनी चार मानले : जुन्या शास्त्राचा नवा अर्थ लावणे, माणसाच्या सदसद्विवेकास हाक मारणे, कायद्याचा आधार घेणे, आणि शेवटी समाजापासून फुटून निघणे. चौथा मार्ग त्यांस पसंत नव्हता. ते स्वतः परम भक्तिमान होते. तुकोबांचे अभंग म्हणताना त्यांचे डोळे भरून येत. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी स्वराज्याच्या उभारणीचे श्रेय संतांच्या शिकवणीसही दिले आहे. ज्ञानोबांपासून तुकोबांपर्यंतची परंपरा त्यांनी मस्तकी धरली, आणि केशवपनाची परंपरा त्याज्य मानली. दोन्ही परंपरा, परंतु एकीने माणूस उंच केला, दुसरीने ठेचला.

न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली निवर्तले, आणि त्यांच्या जागी माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. अखेरपर्यंत त्यांचे लेखन, अध्ययन व परिषदांचे कार्य चालू होते. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उणे होते. नामदार गोखले यांनी त्यांस जन्मभर गुरू मानले.

आपणांपुढील प्रश्न

आता आपल्या तुर्भ्याकडे, म्हणजे ट्रॉम्बेकडे वळू. आपल्या गावाइतकी जुन्यानव्याची शेजारशेजारची वस्ती अन्यत्र क्वचितच आढळेल. एका बाजूस अणुशक्तीचे केंद्र, जेथे १९५६ च्या ऑगस्टमध्ये आशिया खंडातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक, अप्सरा, सुरू झाली. दुसऱ्या बाजूस कोळीवाडा, जेथे आजही नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केला जातो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास ओढून ठेवावयाच्या आणि नारळ वाहिल्यावाचून दर्यात जावयाचे नाही, ही कोळी बांधवांची जुनी चाल. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि मासळीची वीण होत असते. शासनाने आता जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांस जी मासेमारीबंदी घातली आहे तिचे कारणही हेच. म्हणजे येथे वाडवडिलांचे शहाणपण आणि आजचे शास्त्र एकच गोष्ट सांगतात. अशी परंपरा आदराने पाळावी; तिची टिंगल करणारा स्वतःचेच अज्ञान दाखवितो.

परंतु सर्वच चाली अशा नाहीत. येथे मला स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगावी लागत आहे. माझे वडील मी सातवीत असताना वारले. आईने दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटून, शिवणकाम करून मला शिकविले. १९८४ साली माझे लग्न झाले. हळद लावावयास पाच सवाष्णी बोलाविल्या होत्या. मी पाटावर बसलो होतो आणि माझी आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. जिने मला वाढविले तिचा हात त्या दिवशी अशुभ ठरला. मी त्या वेळी चौथीच्या वर्गास रानड्यांची खांबाची गोष्ट शिकवीत होतो, तरीही मी तोंड उघडले नाही. नातेवाईक काय म्हणतील, एवढेच माझ्या मनात होते.

२०११ साली माझ्या मुलीचे लग्न ठरले. या वेळी मी ठरविले की पहिली हळद आजीने लावावयाची. मी हळदीची वाटी आईपुढे धरली. तिने हात मागे घेतला. माझ्या हाताने नको, पोरीचे वाईट होईल, असे ती म्हणू लागली. मी समजावले, मुलीनेही विनविले, तिने ऐकले नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी मी बोललो असतो तर कदाचित तिने ऐकले असते. रानड्यांच्या भगिनीविषयी मी वर जे लिहिले ते पुस्तकातून शिकलेले नाही. आई आता नाही. ती वाटी माझ्या हातात तशीच राहिली, असे मला अनेकदा वाटते.

म्हणून न्यायमूर्तींच्या चरित्रातून मला जे कळले ते नम्रतेने पुढे ठेवतो. परंपरा केवळ जुनी म्हणून पाळू नये आणि केवळ जुनी म्हणून टाकूही नये. ती पाळल्याने कोणाचे भले होते आणि तिची किंमत कोण देते, हे दोन प्रश्न तिला विचारावेत. जो किंमत देतो त्याला सभेत बोलावयास जागा आहे काय, हेही पाहावे. वडीलधाऱ्यांस नमस्कार करणे, पाहुण्यास पाणी देणे, अडल्या घरी ज्ञातिबांधवांनी धावून जाणे, दिवाळीस एकमेकांकडे फराळ पोचविणे, मंडळातर्फे गरीब मुलांच्या फीची सोय करणे, या परंपरांची किंमत कोणा एकट्यावर पडत नाही. सर्वजण थोडे थोडे देतात व सर्वांस लाभ होतो. हुंडा, मानपानाचे रुसवे, विधवेचा मज्जाव, यांची किंमत मात्र नेहमी जो दुर्बळ असतो त्याच्याच माथी पडते.

काळही पुढे गेला आहे. १८९१ साली बारा वर्षांवरून एवढा गदारोळ झाला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा केले आणि १९७८ साली ते अठरा झाले. आज बाराव्या वर्षी मुलीचे लग्न करावे असे म्हणणारा आपल्यात एकही नाही, आणि त्यामुळे आपला धर्म बुडालेला नाही. हुंड्याविरुद्ध कायदा १९६१ साली झाला. बहिष्काराच्या ज्या शस्त्राने रानड्यांच्या मित्रांस वाकविले त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा मंजूर केला. ज्या कोल्हापूरच्या मातीत रानडे वाढले, त्याच जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे प्रकार आपल्या गावात बंद व्हावेत. शासनाने त्या ठरावाचा आदर्श इतर गावांपुढे ठेवला. एका खेड्यास जे साधले ते आपल्या मंडळास का साधू नये?

ज्या वडील मंडळींनी सभेत विरोध केला त्यांच्याविषयी माझ्या मनात अनादर नाही. त्यांची भीती अशी की एक वीट काढली तर सारी भिंत ढासळेल. ही भीती गोविंदरावांचीही होती. परंतु कुजलेली वीट बदलल्याने भिंत पडत नाही, ती टिकते. आणि ज्या तरुण मंडळींस सारेच मोडावयाचे आहे त्यांस मी म्हणेन की रमाबाईंच्या अभ्यासासारखे रोज थोडे, न भांडता व न थांबता केलेले काम घोषणांपेक्षा अधिक टिकते. मात्र वडीलधाऱ्यांस दुखवू नये या सद्‌भावनेने आपण किती वर्षे गप्प बसावयाचे, याचाही हिशेब ठेवावा. मी सत्तावीस वर्षे गप्प बसलो, त्याची फेड होऊ शकली नाही.

पुढील सभेत हा प्रश्न पुन्हा येईल. माझे मत मी येथेच नोंदवून ठेवतो : येत्या संक्रांतीस मंडळाच्या हळदीकुंकवाचे पहिले वाण आपल्या वयोवृद्ध विधवा मातांपैकी एकीस द्यावे. कोणी हात मागे घेतील. त्यांस आग्रह करू नये, परंतु वाटी त्यांच्यापुढे धरावयास चुकू नये. सर्व कुटुंबांनी घरी याचा विचार करावा आणि आपले मत मंडळास कळवावे, ही विनंती.

सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस हे वर्ष सुखाचे जावो.